मूल आठवड्यांत खंगते, तपासणी महिन्यांनी होते

ग्रामीण भागातील बालपोषण कार्यक्रमांची आखणी, निधी आणि देखरेख ज्यांच्या हाती आहे, त्या सर्वांस,

स. न. वि. वि.

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे साडेचार कोटी मुले तीव्र कुपोषित होती. त्यांतली १ कोटी ३६ लाख सॅम गटात, म्हणजे अतितीव्र कुपोषित होती. हे आकडे आपल्या टेबलावर आधीपासून आहेत. आम्हाला बोलायचे आहे ते वेळेबद्दल.

नऊ महिन्यांच्या मुलाला जुलाब लागतात. चार दिवसांनी ते थांबतात, पण पुढचा आठवडाभर मूल घास तोंडात धरत नाही. तेवढ्यात ताप-खोकला येतो. तीन आठवड्यांपूर्वी ज्याला कोणी आजारी म्हटले नसते, त्याच्या फासळ्या मोजता येऊ लागतात आणि कुल्ल्यांवरची कातडी ढगळ चड्डीसारखी लोंबते. याच तीन आठवड्यांत गावातले मासिक वजन एकदा होते, किंवा त्या दिवशी मूल घरी झोपून असल्याने होतच नाही. अहवाल पुढच्या महिन्यात वर जातो. उपचाराच्या आहाराची मागणी तिमाहीच्या हिशेबाने मंजूर होते. सर्वेक्षणाचा आकडा यायला वर्षे लागतात. आजार आठवड्यांत धावतो, यंत्रणा महिन्यांत चालते, आणि मुले दगावतात ती या मधल्या दिवसांत.

पहिली अडचण कशाने मोजायचे याची. अनेक ठिकाणी अजून वयाच्या मानाने वजन हाच आधार धरला जातो. त्यात दोन वेगळी दुखणी मिसळतात. दीर्घ उपासमारीने खुजे राहिलेले मूल आणि गेल्या तीन आठवड्यांत खंगलेले मूल, दोघांचा ठिपका तक्त्यावर एकाच जागी पडू शकतो. पहिल्याला पुढची दोन-तीन वर्षे चांगले अन्न हवे, दुसऱ्याला याच आठवड्यात उपचार. शिवाय मुळात अंगाने भरलेले मूल झपाट्याने उतरले तरी वयाच्या तक्त्यावर काही काळ ‘साधारण’ पट्ट्यातच राहते. म्हणून तीव्र कुपोषणाचे निकष वेगळे आहेत. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीपासूनचे अंतर मोजण्याचे एकक) खाली, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खळगा राहणारी सूज. यांपैकी एक जरी असले तरी मूल सॅम. दंडघेर ११५ ते १२५ च्या मध्ये, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे ३ ते उणे २ एसडी, तर मॅम, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषित. दंडघेर आणि उंची-वजन ही मापे नेहमी तीच मुले पकडत नाहीत. दंडघेरात लहान वयाची मुले अधिक सापडतात, आणि मृत्यूचा धोकाही त्याच वयात मोठा असतो. एका मापाने पकडलेल्या मुलाला दुसऱ्या मापात ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवू नये, असा स्पष्ट लेखी आदेश हवा.

सूज आलेले मूल तर तराजूलाच फसवते. अंगात पाणी साठल्याने वजन बरे भरते, गाल गोल दिसतात आणि घरचे म्हणतात, बाळाने अंग धरले. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. दोन्हीकडे खळगा राहिला तर कुपोषणाची सूज, एकाच पायावर असेल तर कारण दुसरे. याला कोणतेही साधन लागत नाही. तरीही घाईच्या तपासणीत पहिली गळते ती हीच पायरी, आणि मग सर्वांत आजारी मूल ‘वजन ठीक’ अशा शेऱ्यासह घरी जाते.

दंडघेराची पट्टी दिसायला सोपी म्हणून तिच्या प्रशिक्षणाला अर्धा तासही दिला जात नाही. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, मग हात सरळ सैल सोडायचा आणि त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी कातडीला सगळीकडून टेकावी, पण रुतू नये. घट्ट ओढली की धडधाकट मूल यादीत येते. सैल राहिली की ११३ चे ११६ होतात आणि आजारी मूल यादीतून निसटते. मूल रडून हात आखडत असेल तर आईच्या कुशीत शांत होईपर्यंत थांबावे. चुरगळलेली, कडा उसवलेली पट्टी वापरूच नये.

हे माप आयांना शिकवता येते. नायजरमधल्या अभ्यासांत आयांनी रंगीत पट्टीने केलेली मुलांची निवड आरोग्यसेविकांच्या तोडीची ठरली आहे. म्हणून आमची पहिली मागणी: सहा महिन्यांवरचे मूल असलेल्या प्रत्येक घरात एक रंगीत पट्टी द्या आणि आठवड्याचा एक वार ठरवा. पिवळ्यात (११५ ते १२५) आले तर सेविकेला कळवायचे, लालमध्ये (११५ च्या खाली) आले तर त्याच दिवशी उपचाराला निघायचे. मासिक तपासणीतून सुटणारी मुले कोणती, हे सर्वांना माहीत आहे: दूरच्या वस्तीवरची, शेतावर राहायला गेलेली, कामासाठी गाव सोडलेल्या घरांतली. तिथे पोहोचणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे मुलाची आई.

सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी मात्र वेगळी नजर लागते. जन्मतः २५०० ग्रॅमच्या खाली असलेले, छाती नीट न धरणारे, वजन न वाढणारे बाळ ‘अंगावर पिते आहे ना’ म्हणून सोडून दिले जाते. तिथे उपचार आईपासून सुरू होतो: पाजताना शेजारी बसून पाहणे, धरण्याची पद्धत सुधारणे आणि तिच्या ताटात काय पडते ते विचारणे.

दुसरी अडचण गणिताची. समजा, एका भागात ६ ते ५९ महिन्यांची १०,००० मुले आहेत आणि सर्वेक्षणात २ टक्के सॅम आढळली. म्हणजे त्या दिवशी २०० मुले. अंदाजपत्रकात २०० मुलांचा आहार धरला जातो. पण पुढच्या महिन्यात नवी मुले आजारी पडणार, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. म्हणून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्रात एका दिवसाच्या संख्येला २.६ ने गुणतात. वर्षाची ५२० मुले. पुष्कळ ठिकाणी खरा गुणक याहून मोठा निघाला आहे. त्यात सर्वेक्षण सुगीनंतर झाले असेल तर मूळ २ टक्केच कमी धरलेले असतात. २०० मुलांचा साठा वर्षाच्या मध्यात संपतो, बहुधा नेमका टंचाईच्या महिन्यांत. एका मुलाला सहा ते आठ आठवडे आणि उपचाराच्या तयार आहाराची ९२ ग्रॅमची सुमारे १५० पाकिटे लागतात. दोन आठवडे साठा तुटला तर नंतर दुप्पट पाकिटे पाठवून ते नुकसान भरून निघत नाही. आठवड्याला पायपीट करून येणारी आई दोनदा रिकाम्या हाताने परतली की तिसऱ्यांदा येत नाही, आणि तिच्या शेजारणीही येत नाहीत.

आता कारणांकडे. युनिसेफने १९९० मध्ये कारणांची तीन थरांची चौकट मांडली: तात्कालिक, त्यामागची आणि मुळाशी असलेली. चौकट योग्यच आहे. पण ती भिंतीवर लागते आणि मुलाच्या वाटीत काय आहे ते पाहायचे राहून जाते.

एक वर्षाचे, ८ किलोचे मूल घ्या. त्याच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिली, म्हणजे २४० मिली मावते. अंगावरच्या दुधाखेरीज त्याला दिवसाला सुमारे ५५० किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात. पातळ पेजेत मिलीमागे ०.३ किलोकॅलरीच्या आसपास असतात. वाटी चाटूनपुसून संपवली तरी एका वेळी ७२, चार वेळा भरवले तर २८८. आईने मनापासून भरवले, मूल पोटभर जेवले, आणि गरजेच्या जेमतेम निम्मे पोटात गेले. तेच अन्न घट्ट करून मिलीमागे ०.८ वर नेले तर तीन वेळांत हिशेब पुरा होतो. या आईला ‘मुलाला नीट जेवू घाला’ असे सांगणे हा अन्याय आहे. ती नीटच जेवू घालत होती.

पेज पातळ का करावी लागते, तेही समजून घ्यायला हवे. पिठूळ अन्न शिजताना फुगते, निवताना गोठते, मुलाला गिळता येत नाही, म्हणून पाणी घातले जाते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे भरलेल्या वाटीत चमचाभर, ५ मिली, तेल. त्याने ४० ते ४५ किलोकॅलरी वाढतात आणि अन्न मऊ होते. दुसरा म्हणजे धान्याला मोड आणून, वाळवून दळलेले पीठ. घट्ट शिजलेली पेज चुलीवरून उतरवून थोडी निवू द्यायची आणि त्यात हे पीठ चमचाभर ढवळायचे. मोडांतले विकर (एन्झाइम) पिष्ट तोडते आणि काही मिनिटांत पेज पाणी न घालता सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची, कारण मोड येताना धान्यात जंतूही वाढलेले असतात. हे पीठ खदखदत्या पेजेत घातले तर विकर निकामी होते आणि पेज तशीच गच्च राहते. ‘करून पाहिले, काही झाले नाही’ अशी तक्रार आली तर आधी हेच विचारावे. प्रात्यक्षिक न दाखवता नुसते पत्रक वाटले की हा उपाय बदनाम होतो.

अर्थात नुसत्या ऊर्जेने भागत नाही. डाळी, अंडी, दूध, मासे-मांस यांतले काहीच वाटीत नसेल तर वजन वाढूनही मूल वारंवार आजारी पडत राहते.

जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि हिवताप हे कुपोषणाचे नुसते सोबती नाहीत, ते मुलाला त्या खड्ड्यात ढकलतात. आजारात भूक मरते, खाल्लेले आतड्यातून निघून जाते आणि ताप शरीर जाळतो. त्यात ‘पोटाला आराम’ म्हणून अन्न तोडले जाते. जुलाबात ओआरएस द्यायचे, १० ते १४ दिवस झिंक द्यायचे (सहा महिन्यांखाली रोज १० मिग्रॅ, वर २० मिग्रॅ), अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवायचे. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यायचे. हा शेवटचा भाग कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो. जुलाब थांबले की आरोग्य विभागाचे काम संपते आणि पोषण विभागाचे काम मूल लालमध्ये आल्यावर सुरू होते. मधल्या त्या दोन आठवड्यांना वाली नाही. ओआरएसची पाकिटे देताना त्याच हाताने दंड मोजावा आणि पंधरा दिवसांनी घरी जाऊन पुन्हा मोजावा, एवढी सूचना दोन्ही विभागांनी मिळून काढली तर पुष्कळ मुले वाटेतच थांबवता येतील.

आणि भरवणार कोण, हा प्रश्न आहेच. सुगीच्या आधीचे महिने पाहा. घरातले धान्य संपत आलेले असते, शेतात बायकांचे काम सर्वांत जास्त असते, पावसाने पाणी गढूळ होऊन जुलाब वाढतात आणि रस्ते बंद होतात. हे चारही एकाच वेळी येतात. आई पहाटे एकदाच रांधते आणि बाळाला थोरल्या भावंडाकडे सोडून जाते. तेच अन्न दुपारपर्यंत उबेत राहते. सकाळची ताजी पेज दुपारी जुलाबाचे कारण बनते. सात वर्षांच्या बहिणीला दिवसातून चार वेळा भरवा असे सांगण्यात अर्थ नाही. कामाच्या जागेजवळ पाळणाघर, तिथे ताजे शिजवलेले तीन वेळचे अन्न, साबण आणि झाकलेले पाणी, हा त्या महिन्यांचा खरा पोषण कार्यक्रम आहे. वर्षभर थोडे थोडे वाटण्यापेक्षा पैसा त्या महिन्यांवर एकवटा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ मध्ये, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सुजेच्या कुपोषणाचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये तिथल्या गा भाषेतला क्वाशिओरकोर हा शब्द वैद्यकात आणला. दुसरे बाळ आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. केवळ प्रथिनांची कमतरता हे त्या आजाराचे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले, पण तिथल्या लोकांनी नावातच नोंदवलेले निरीक्षण आजही लागू आहे. दोन बाळंतपणांतले अंतर हा विषय कुटुंबनियोजनाच्या बैठकीत जेवढा येतो, तेवढाच तो पोषणाच्या बैठकीतही यायला हवा.

उपचाराबद्दल. भूक शाबूत असलेल्या, गुंतागुंत नसलेल्या सॅम मुलाला घरीच बरे करता येते, हे २००७ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे संयुक्त म्हणणे आहे. ते शक्य झाले १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी तयार केलेल्या आरयूटीएफमुळे, म्हणजे पाकिटातून थेट खाता येणाऱ्या उपचाराच्या आहारामुळे. शेंगदाण्याचा लगदा, दूध भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे हे मिश्रण. त्यात पाणी जवळपास नसल्याने जंतू वाढत नाहीत. एका पाकिटात सुमारे ५०० किलोकॅलरी. ६ किलोच्या मुलाला किलोमागे १७५ धरले तर रोज १०५०, म्हणजे दोन पाकिटे, आठवड्याला १४. पहिल्याच भेटीत भुकेची चाचणी समोर बसवून घ्यायची. मूल खात नसेल तर पाकिटे देऊन घरी पाठवायचे नाही, ते आतून आजारी आहे. आधी अंगावर पाजायचे, मग पाकीट, सोबत स्वच्छ पाणी. वजन दोन आठवडे वाढले नाही तर बहुधा पाकिटे भावंडांत वाटली जात असतात. त्याबद्दल आईला दटावू नये. घरात आणखी दोन उपाशी मुले असताना कोणतीही आई वाटूनच देईल. अशा घराला धान्याची जोड देणे हा उपचाराचाच भाग मानावा आणि त्यासाठी पैशाची तरतूद असावी.

एक जागा मात्र अशी आहे जिथे घाईच घात करते: रुग्णालयातला पहिला आठवडा. खंगलेल्या मुलाचे हृदय, यकृत, मूत्रपिंडे सगळे मंदावलेले असते. त्याची दशा पाहून लगेच सलाईन लावले जाते किंवा भरपूर पौष्टिक खाऊ घातले जाते, आणि हृदय ते पेलू शकत नाही. शॉक नसेल तर शिरेतून द्रव द्यायचे नाहीत. सूज उतरवायला लघवीचे औषध द्यायचे नाही. सुरुवातीला एफ-७५, म्हणजे पहिल्या टप्प्याचे सौम्य उपचारी दूध: दिवसाला किलोमागे १३० मिली, अंगभर सूज असेल तर १००, दर दोन तासांनी थोडे थोडे, रात्रीही. रात्रीचे दोन फेरे चुकले की रक्तातली साखर ५४ मिग्रॅ/डेलि च्या खाली जाते, अंग थंड पडते आणि मूल पहाटे जाते. म्हणून खाटा किती हे विचारण्याआधी रात्रपाळीला किती परिचारिका आहेत ते विचारा.

रुग्णालयातलीच आणखी एक गोष्ट. तयार भुकटी नसताना दूध भुकटी, साखर, तेल आणि क्षार घेऊन एफ-७५ बनवतात, तेव्हा त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करायचे असते. एक लिटर पाणी वेगळे मोजून त्यात सगळे कालवले की मिश्रण पातळ होते आणि प्रत्येक घोटात मुलाला कमी मिळते. ओट्याच्या वर चिकटवलेल्या कृतीत ‘पाणी १ लिटर’ असे लिहिलेले असेल तर ते आजच खोडून ‘पाणी घालून एकूण १ लिटर’ असे लिहावे.

बरे झाल्याचा निकषही नीट पाळा. ज्या मापाने मूल दाखल केले त्याच मापाने सोडायचे: दंडघेर १२५ किंवा जास्त, अथवा उंची-वजन उणे २ एसडी किंवा वर, सलग दोन भेटींत, आणि सूज गेल्यावर दोन आठवडे. खाट मोकळी करायची म्हणून आधी सोडलेले मूल परत येते, तेव्हा ते पहिल्यापेक्षा अशक्त असते. सोडल्यानंतर सहा महिने त्या घराकडे लक्ष हवे.

एक गोष्ट विनवून सांगतो. कुपोषित मुले जास्त सापडली म्हणून सेविकेला जाब विचारणे थांबवा. गाव कुपोषणमुक्त दाखवण्याचे उद्दिष्ट दिले की ११४ ची नोंद ११६ होते. तो दोन मिलिमीटरचा फरक एका मुलाचा उपचार हिरावून घेतो. ज्या गावात मुले सापडतात, तिथे कोणीतरी नीट मोजते आहे, असे समजून चाला.

आणि मासिक अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: मूल पहिल्यांदा लालमध्ये आले त्या तारखेपासून पहिले पाकीट त्याच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले. दोन्ही तारखा मुलाच्या कार्डावर असतात, वजाबाकीला मिनिटही लागत नाही. आढावा बैठकीत टक्केवारीच्या आधी हा रकाना वाचला जावा, आणि ज्या गावांत तो आकडा सातच्या वर आहे, तिथे दिवस कुठे अडकले ते एकेका मुलामागे शोधले जावे: पट्टी नव्हती, रस्ता नव्हता, की पाकिटे नव्हती.

आपले,
बालपोषणाच्या कामातील काही सहकारी